कापशीच्या अंगावरचा हात

१

पीठ कोरंच राहिलं, तर मग ताई गेली कुठं?

हे मी बापूराव काकांना विचारलं होतं. तेरवीच्या सकाळी टोपलं त्यांनीच उचललं. आमच्यात माणूस ज्या जागी गेलं, तिथं तेरवीच्या आदल्या संध्याकाळी ज्वारीचं पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि पिठावर बांबूचं टोपलं झाकतात. सकाळी पाखराचे पाय दिसले तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं. खूर दिसला तर गाईच्या. बाबांच्या वेळी चिमणीचे पाय उमटले होते. मी लहान होतो, पण ते बारीक ठसे मला आठवतात. नंतर कितीतरी दिवस आई अंगणात तांदूळ टाकायची.

ताईच्या पिठावर काहीच नव्हतं. मुंगीसुद्धा चालली नव्हती. काका दिवा हातात घेऊन चारी बाजूंनी वाकून पाहत राहिले आणि मग म्हणाले, "च्या झाला का पाह्यजो."

मी पंगतीत परत विचारलं. कोणीतरी माझ्या पानात बुंदी वाढली.

कापशी तेव्हा खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. ती पिठाकडे बघत नव्हती. ताईची खाट होती त्या कोपऱ्याकडे बघत होती. खाट तर आम्ही तिसऱ्याच दिवशी देऊन टाकली होती. त्या कोपऱ्यात फक्त भिंत होती.

२

कापशी म्हणजे मांजर. ती आमच्याकडे आली रक्षामुळं. रक्षा माझी मावसबहीण. ती नागपूरला एका बंगल्यात लेकरं सांभाळायची. त्या घरचे लोक परदेशात निघाले, मांजर नेणं जमत नव्हतं. रक्षा तिला वेताच्या टोपलीत घालून एसटीनं आमच्या गावी, जामला, घेऊन आली. ताईला सोबत होईल म्हणाली.

माझी ताई, दिपाली, दिवसभर पडून असायची. तिच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती. जिना चढली तरी ओठ निळे पडायचे. पण मला शाळेनं जे शिकवलं नाही ते तिनं शिकवलं. सातवीनंतर मी दुकानावर बसलो, हायवेच्या फाट्यावर, पंक्चरच्या. एसटीच्या पाट्या वाचायला मी तिच्याजवळच शिकलो.

शेजारचे चहावाले बंडूजी टोपलीत डोकावले आणि म्हणाले, "मांजर आणलं का उशी? याच्यात कापूस किती किलो भरला?"

त्यावरून ताईनं तिचं नाव कापशी ठेवलं.

अशी मांजर आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती. केस ना लांब ना आखूड, मधलेच. मानेभोवती झालर, शेपटी झुपकेदार, पाठीवरचे केस बोटभर. डोळे निळे. अंग दुधासारखं पांढरं, आणि कान, तोंड, पंजे, शेपटी तेवढी काळसर, जणू चुलीत तोंड घालून आली. आवाज बारीक. नखं काढायची नाही. कोणी घरात आलं की दारापर्यंत जायची आणि मग त्याच्या मागं मागं या खोलीतून त्या खोलीत. रक्षानं सांगितलं, या जातीला रॅगडॉल म्हणतात, म्हणजे चिंध्यांची बाहुली.

असं नाव का, ते मी तिला उचललं तेव्हा कळलं. उचलल्याबरोबर तिनं अंग सोडून दिलं. चारही पाय खाली लोंबले, मान माझ्या मनगटावरून पडली. अंगात हाडच नाही असं वाटलं. मी घाबरून ओरडलो, मेली, मेली. ताईला हसून हसून खोकला आला.

"मेली नाई रे लेका," ती म्हणाली. "उचलणाऱ्यावर तिचा भरोसा हाये. हात असला का ती अंग सोडते. एरवी नाई सोडत."

मी तिला खाली ठेवलं. ती लगेच चालायला लागली.

आणखी एक गोष्ट रक्षानं सांगितली, बंगल्यातल्या बाईंकडून ऐकलेली. ही पिल्लं जन्मतात तेव्हा सगळी पांढरी असतात. अंगाला जिथं थंडी लागते तिथले केस काळे येतात. कान, नाक, पाय थंड राहतात म्हणून ते काळे. पोट, पाठ उबेत असतात म्हणून पांढरी.

"थंडी लागन तिथं काळं, ऊब असन तिथं पांढरं," रक्षा म्हणाली. "बाकी काई जादू नाई."

३

आमचा उन्हाळा तिला झेपेल का, ही ताईला काळजी. म्हणून तिच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवला. रोज दुकानावर जायच्या आधी बोअरचं पाणी बादलीनं आणून तो भरायचा, हे माझं काम. पंप सुरू झाला की खसच्या ताट्यांवरून पाणी उतरायचं, खोलीभर ओल्या गवताचा वास यायचा. दुपारी जेवायला आलो की दोघी तशाच दिसायच्या. ताई खाटेवर कुशीला, कापशी तिच्या पोटाशी, आणि ताईचा हात कापशीच्या डाव्या कुशीवर.

आई त्या खोलीत फार थांबायची नाही. तिला कूलरच्या हवेनं बोट ठणकायचं. आमच्याकडे म्हैस होती तेव्हा कडबा कापायच्या कुट्टीच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं पेर गेलं होतं. ती दारातूनच विचारायची, खाल्लं का, पेली का.

पावसाळा सरता सरता कापशीला नवे केस आले. ताई तिला उन्हात घेऊन बसली होती. मला हाक मारली.

कापशीच्या डाव्या कुशीवर एक काळसर डाग होता. चार लांब रेघा, एक बाजूला आखूड, खाली गोल. हात होता तो. बाईमाणसाचा, निमुळत्या बोटांचा.

बंडूजींनी पाहिलं तर पोट धरून हसले. त्याच साली लोकसभेची निवडणूक झाली होती. "पंजा छाप मांजर," म्हणाले. "पुढच्या टायमाले उभीच करून टाका हिले. पडन, पण डिपॉझिट नाई जाणार."

आम्ही सगळे हसलो. ताईनं हसता हसता आपला हात त्या डागावर ठेवला. बोटावर बोट बसलं. कुठं कमी नाही, जास्ती नाही. मग तिचं हसू थांबलं आणि तिनं हात काढून घेतला.

संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावलं. "प्रफुल, माहा हात थंडा लागते का रे?"

मी हातात घेतला. थंड होताच. पण तिचं रक्तच हातापायांना पुरत नव्हतं, डॉक्टर नेहमी सांगायचे. मी तेच म्हणालो. हात थंड, म्हणून तिथले केस काळे. रक्षानं सांगितलं तेच तर हे.

"हो ना," ताई म्हणाली. "मंग ठीक हाये."

त्यानंतर तिनं कापशीच्या अंगावर हात ठेवलेला मी पाहिला नाही. कापशी तिच्याकडे सरकायची आणि ती हात उशीखाली घ्यायची.

४

पौषात ताई गेली. उठून पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत गेली. माझ्या हातात तांब्या होता. तो कुठं ठेवू हे मला कळत नव्हतं.

आता घरात आई आणि मी. मी आईला दुकानावरून दिवसातून कितीदा तरी बघायला यायचो. काहीतरी विसरलो असं सांगायचो. पान्हा विसरलो, पैसे विसरलो. तिला कळत होतं. एकदा म्हणाली, "मी काई पळून नाई चालली बाप्पा."

कापशी ताईच्या खोलीतच राहिली. आई तिला दूधभात द्यायची, पण ताटली उंबऱ्यावरून आत सरकवून. जवळ घ्यायची नाही, बघायची नाही. मला मात्र तो डाग बघायला बरं वाटायचं. ताईचे कपडे दिले, खाट दिली, औषधाच्या बाटल्या फेकल्या, आणि एवढा हात तेवढा राहिला होता. मी नागपूरला रक्षाला फोन लावून विचारलं, हा असाच राहील का. ती म्हणाली, उन्हाळा लागला की केस गळतील, नवे पांढरे येतील, जाईल तो.

फाल्गुनात केस गळायला लागले. घरभर कापूस उडायचा, आईच्या केरसुणीला गुंडाळायचा. कुशीवरचा हात पुसट झाला, मग गेला. मी तिला मांडीवर घेऊन तिथं हात फिरवला आणि रडलो. रडताना तिचं तोंड वर केलं, म्हणून गळा दिसला.

गळ्याखाली, झालरीच्या आत, चार बोटांची काळी टोकं होती. तिथं नवे केस आले होते आणि ते काळे आले होते. ताई तिला तिथंच खाजवायची.

मी पुष्कळ विचार केला. मला विचार करायची सवय नाही, माझं डोकं दुखतं. कूलरची हवा लागली असेल, असं म्हणालो. पण कूलर तेव्हा माळ्यावर होता, थंडीत उतरवून ठेवलेला. फरशी थंड असेल, तिच्यावर मान टेकून झोपत असेल. हे मला पटलं. मी तिच्याखाली गोणपाट टाकलं. बोटं तिथंच राहिली, आणखी गडद झाली.

५

वैशाखातली दुपार. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, फाट्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. बंडूजींनी चहाचं भांडं पालथं घालून ठेवलं होतं. मी जेवायला घरी आलो. आई पुढच्या खोलीत भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. कूलर सुरू होता. मी चप्पल काढत होतो तेवढ्यात लाईट गेली, रोजच्यासारखी. पंखा फिरत फिरत थांबला. पंपाचं पाणी टपटपलं आणि बंद झालं.

लाईट गेली की ती खोली लगेच तापते. पण दाराच्या फटीतून माझ्या पायांवर थंड हवा येत होती. अंगावर काटा येईल अशी थंड.

फट चार बोटांची होती. मी आत पाहिलं.

आधी कापशीचे पुढचे पाय दिसले. खाली लोंबलेले, हलके झुलत. मग मान दिसली, एका बाजूला पडलेली. मग शेपटी. डोळे अर्धे मिटलेले होते. गुरगुर ऐकू येत होती, मला सांगता येणार नाही इतक्या सुखाची गुरगुर. पाठीवरचे केस मानेपासून शेपटीकडे सावकाश दबत गेले आणि उठले. परत दबले.

ती कशावर पडली आहे हे मी बघत होतो. खाटेच्या काठावर बसलेल्या माणसाच्या मांडीवर पडावी तशी पडली होती, त्याच उंचीवर. आणि त्या कोपऱ्यात खाट नव्हती.

मी दार उघडलं. कापशी फरशीवर होती. ती माझ्याकडे चालत आली, पायाला अंग घासलं. तिचं अंग ओल्या माठासारखं गार होतं.

उडी मारली असेल, मी स्वतःला म्हणालो. भिंतीवर पाल पाहून उडी मारली असेल आणि मी नेमका त्या क्षणी पाहिलं. हे मी आईलाही सांगणार होतो. पण उडी मारणारं मांजर अंग सोडत नाही. हात असला तरच ती अंग सोडते, हे ताईनंच मला सांगितलं होतं.

मी आईला काहीच सांगितलं नाही. जेवलो. भात पाण्याबरोबर गिळला.

६

मला भीती वाटली का, असं कोणी विचारलं तर खरं सांगतो, तेव्हा फार नाही वाटली. ताई होती ती. ताईनं मला कधी चिमटासुद्धा घेतला नाही. भीती वाटली ती पोळ्यानंतर.

कापशीच्या उजव्या कुशीवर नवा डाग आला होता. रुंद तळवा, जाड बोटं. मी उकिडवा बसून बघत राहिलो. तीन बोटं आणि अंगठा पुरे होते. अंगठ्याजवळचं बोट अर्ध्यातच संपत होतं.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तिचा हात धरला, पिठासकट. तो गरम होता, चांगला गरम.

"तू कापशीले हात लावते का?"

"मी काऊन लावू? लावला त पोरगी आठवते."

"झोपीत लावत असशील."

"भाकर करपून राह्यली, सोड." मग तवा उतरवता उतरवता ती सहज म्हणाली, "दुपारून डोळा लागला का कोनीतरी माहा हात धरते, प्रफुल. थंडगार. हात धरते आन् तिकडं खोलीत नेते. या गरमीत बरं वाटते."

मी त्याच दिवशी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेलो. दुकान उघडंच टाकलं. सगळ्या तपासण्या केल्या, छाती, रक्त, साखर. तिथले डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, तुम्हीच काहीतरी खा, तुम्ही वाळले आहात. येताना एसटीत आई माझ्या खांद्यावर झोपली. मी तिचे दोन्ही हात माझ्या हातांत धरून बसलो. जाम येईपर्यंत सोडले नाहीत.

घरी आल्यावर दुकानातली ट्यूब कापायची कात्री घेतली, कापशीला मांडीवर आडवी घातली आणि कापत सुटलो. अंगावर हात दिसायला नको, केसच नको. मी शिव्या देत होतो, कोणाला ते माहीत नाही. कापशीनं अंग सोडून दिलं होतं. कात्री कातडीला लागली तरी हलली नाही. निळ्या डोळ्यांनी माझ्या खांद्यावरून मागं बघत होती.

आई दारात येऊन उभी राहिली. तिनं मला थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, "तिले काऊन छळतं रे. तिनं काय केलं."

रक्षाला कळलं तेव्हा तिनं फोनवर शिव्याच दिल्या. म्हणाली, कापलेल्या जागी आता सगळे केस काळेच येतील, उघड्या कातडीला गारवा लागतो. तसंच झालं. कापशी मानेपासून शेपटीपर्यंत काळी झाली. मला बरं वाटलं. काळ्यावर काळं काही दिसत नव्हतं. मी रोज बघायचो आणि काही दिसलं नाही की दुकानावर जायचो.

७

कार्तिकात, दिवसाउजेडी, आई त्या खोलीच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी पान्हा विसरलो म्हणून घरी आलो. त्या दिवशी खरंच विसरलो होतो. सूप तिच्या मांडीवर होतं, एक दाणा सांडला नव्हता. डोकं चौकटीला टेकलेलं. डावा हात सुपात होता, आणि उजवा उंबऱ्याच्या आत फरशीवर, तळवा वर करून, लहान लेकराचा हात धरायला पुढं करावा तसा.

डावा हात अजून गरम होता. उजवा थंड पडला होता.

तेरवीच्या आदल्या संध्याकाळी पीठ मीच पसरलं. सकाळी बापूराव काका उचलायला आले, त्यांना नको म्हणालो. मी उचललं. पीठ कोरं होतं. या वेळी मी कोणाला काही विचारलं नाही. काका स्वतःहून जवळ आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात गरम होता आणि मला तो सहन झाला नाही.

८

उन्हाळा परत आला. कापशीचे काळे केस गळाले, आणि उबेनं नवे पांढरे येत गेले, रक्षा म्हणाली होती तसे. सगळं अंग पांढरं झालं. पाठीवर तेवढे दोन हात राहिले, एकाला एक लागून. एक निमुळता. एक रुंद, एका बोटानं तोकडा. निमुळत्या हाताची करंगळी रुंद हातावर चढलेली होती, म्हणजे धरलेला होता तो.

रक्षा मला न्यायला आली होती. म्हणाली, हे घर बंद कर, नागपूरला चल, एका गॅरेजवाल्याशी बोलली आहे. मांजरही घे. मी तिला डाग दाखवले. तिनं पाठीवरचे केस बोटानं उलटे करून पाहिले. मग म्हणाली, "गरमीनं जातीन थे. या उन्हाळ्यात जातीनच."

ती खरं बोलत होती. आईचा अंगठा आधीच पुसट झाला होता. ताईच्या करंगळीत पांढरे केस दिसत होते.

मी रक्षाला एसटीत बसवून आलो. उद्या येतो म्हणालो.

पिठावर कोणाचेच पाय उमटले नाहीत. त्या दोघी पाखरात गेल्या नाहीत, गाईत गेल्या नाहीत, कुठंच गेल्या नाहीत. त्या इथं आहेत, वीतभर केसांत. आणि तेही पांढरं झालं, तर मग त्या जातील कुठं? हे आता कोणाला विचारू?

मी माळ्यावरून कूलर उतरवला. ताट्यांमधली जुनी खस काढून नवी भरली. बंडूजींकडून त्यांची खाट मागून आणली आणि ताईच्या कोपऱ्यात टाकली, मग वाटलं खाटेची गरज नाही, परत बाहेर काढली. बोअरवरून बादल्या आणत गेलो, कूलर काठोकाठ भरला. बटण दाबलं. पंप लागला, पाणी उतरलं, ओल्या गवताचा वास आला. थोड्या वेळानं लाईट गेली. मी मग्ग्यानं ताट्यांवर पाणी टाकत राहिलो. मग लक्षात आलं, त्याचीही गरज नाही. खोली थंडच होती.

दार आतून लावलं. कापशीला उचललं. तिनं अंग सोडलं, पाय लोंबले, मान माझ्या मनगटावरून पडली. मी कोपऱ्यात गेलो, भिंतीजवळ, खाट होती तिथं. बसलेल्या माणसाच्या मांडीच्या उंचीवर तिला धरलं. ती गुरगुरायला लागली.

मग मी माझे हात काढून घेतले.